दाण्यातले विष आणि बदलते ऋतुमान

धान्याला बुरशी लागते ही गोष्ट आपणांपैकी कोणालाच नवी नाही. पावसाळ्यात डब्याच्या तळाशी राहिलेल्या पिठाच्या गुठळ्या होतात, शेंगदाण्यांवर हिरवट पूड धरते, भिजलेल्या ज्वारीला कुबट वास येऊ लागतो. ज्याची ऐपत असते तो असा माल टाकून देतो. ज्याची नसते तो धुतो, उन्हात घालतो, भाजतो आणि खातो. आजच्या विषयाचे मर्म ह्या दुसऱ्या माणसाच्या घरात आहे. कारण बुरशी धुऊन जाते, उन्हाने मरतेही. परंतु जिवंत असताना तिने दाण्यात जे सोडून ठेवलेले असते, ते धुण्याने आणि भाजण्याने बहुतांशी जात नाही. चुलीवरच्या तव्याला जी उष्णता साधते, तिला हे पदार्थ दाद देत नाहीत.

ह्या पदार्थांना आपण बुरशीजन्य विषे म्हणू. त्यांची शास्त्रीय ओळख अलीकडची असली तरी त्यांचे प्रताप जुने आहेत. मध्ययुगीन युरोपात राय नावाच्या धान्याची भाकरी खाणाऱ्या गोरगरिबांत एक भयंकर रोग पुनःपुन्हा उद्‌भवे. हातापायांची आग होई, बोटे काळी पडून झडत, काहींना झटके येत. लोक त्याला संत अँटनीचा अग्नी म्हणत. रायच्या कणसात दाण्याच्या जागी वाढणारी अरगट नावाची बुरशी हे त्याचे कारण होते. हा केवळ परदेशाचा इतिहास आहे असे मात्र समजू नये. अरगटाची एक बहीण आपल्या बाजरीवर येते. १९५६-५७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाल्ल्याने पुष्कळांना मळमळ, ओकाऱ्या, घेरी आणि न आवरणारी गुंगी असा त्रास झाला होता. सुदैवाने बाजरीवरील अरगटाचे विष युरोपातील अरगटाइतके जीवघेणे नाही.

आधुनिक संशोधनाला खरी चालना मिळाली ती मात्र एका वेगळ्याच घटनेने. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीच्या पक्ष्यांची लाखावर पिले अल्पावधीत मेली. रोगजंतू सापडेना. शोध घेता घेता बोट गेली ती ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे. त्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ह्या पिवळसर हिरव्या बुरशीने निर्माण केलेले विष होते. बुरशीच्याच नावातील अक्षरे घेऊन त्याला ‘अफ्लाटॉक्सिन’ असे नाव देण्यात आले. पुढे असे दिसून आले की हे विष भुईमुगापुरते नाही. मका, ज्वारी, तांदूळ, मिरची, सरकी ह्या सर्वांत ते आढळते.

अफ्लाटॉक्सिन पोटात गेल्यावर काय होते? त्याचा मुख्य आघात यकृतावर होतो. शरीरात आलेला परका पदार्थ विरघळवून बाहेर टाकणे हे यकृताचे काम. ह्या विषावर ते प्रक्रिया करू लागते आणि त्या खटाटोपातच मूळ विषापेक्षा उग्र असे एक रूप तयार होते. ते पेशीच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याला जाऊन चिकटते. मात्रा मोठी असेल तर यकृत काही आठवड्यांत निकामी होते. मात्रा थोडी, पण वर्षानुवर्षे चालू असेल, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना आधीच ‘हिपॅटायटिस बी’ ह्या काविळीचा संसर्ग असतो त्यांच्या बाबतीत तो कितीतरी पटींनी वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनाला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या वर्गात बसविले आहे.

ह्याची मात्रा किती सूक्ष्म असते ते पाहा. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एक किलो धान्यात अफ्लाटॉक्सिन १५ मायक्रोग्रॅमहून अधिक असता कामा नये. म्हणजे एक टन धान्यात १५ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा साधारण ह्याहून थोडा जड भरेल. दहा क्विंटल धान्याच्या राशीत एका तांदळाहून कमी वजनाचे विष, एवढीच काय ती मर्यादा! ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि चवही नाही.

ही मर्यादा ओलांडली तर काय होते ह्याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा ह्या लगतच्या जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक आदिवासी गावांत काविळीची साथ आली. रोग्यांच्या पोटात पाणी होई, पाय सुजत. साध्या काविळीत असे सहसा होत नाही. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांतील १०६ दगावली. विलक्षण गोष्ट अशी की त्याच घरांतील कुत्रीही पोटे फुगून मरत होती. काविळीची लागण माणसाकडून कुत्र्याला होत नसते. तेव्हा दोघांनी मिळून खाल्लेल्या अन्नाकडेच पाहणे भाग होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्या घरांतील मका तपासला. एका किलोत सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आजच्या मर्यादेच्या हिशेबाने हे प्रमाण चारशे ते हजार पट होते. मका काढणीला आला असता अवेळी पाऊस झाला होता, कणसे भिजली होती आणि ती नीट न वाळवता साठवावी लागली होती. दुसरे धान्य घरात नव्हते. खराब मका आहे हे त्या लोकांना दिसत नव्हते असे नाही. त्यांच्यापुढे निवड नव्हती.

तीस वर्षांनी, २००४ साली, केनियाच्या पूर्व भागात हीच कथा पुन्हा घडली. दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी हाती आलेला मका चोरीच्या भीतीने ओलसरच घरात भरून ठेवला. ३१७ जणांना विषबाधा झाली व १२५ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणचे धान्य एक, बुरशी एक आणि हवामानाचा लहरीपणाही एक.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पृथ्वीचे हवामान बदलत आहे, त्याचा ह्या विषांशी संबंध काय? पुष्कळांची अशी समजूत असते की उष्मा वाढला की बुरशी वाढेल, आणि बुरशी वाढली की विष वाढेल. हिशेब इतका सरळ नाही. प्रत्येक बुरशीचे स्वतःचे ऋतुमान असते. ॲस्परजिलस ही उष्ण व कोरड्या दिवसांची रहिवासी आहे. तिला तीस अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता विष तयार करण्यास मानवते. त्याहून फारच तापले तर ती वाढत राहते, पण विष कमी करते. दाणा भरण्याच्या दिवसांत पावसाने ताण दिला, की तहानलेल्या पिकाची प्रतिकारशक्ती खचते, दाण्याच्या सालीला बारीक चिरा जातात, किडी भोके पाडतात आणि ह्या वाटांनी बुरशी शेतातच आत शिरते. फ्युजेरियम नावाच्या दुसऱ्या कुळाचे वेगळे. त्यातील गव्हावर येणाऱ्या जातीला ओंबी फुलोऱ्यात असताना भिज पाऊस लागतो. मक्याच्या व ज्वारीच्या कणसात वाढणाऱ्या जातीला आधी ऊब आणि मागाहून ओल मिळाली की पुरे. तेव्हा एखाद्या गावाचे सरासरी तापमान एक अंशाने वाढले एवढ्यावरून काही सांगता येत नाही. पिकाच्या आयुष्यातील नेमक्या कोणत्या पंधरवड्यात ऊन पडले आणि कोणत्या पंधरवड्यात पाऊस, ह्यावर सारे अवलंबून असते. हवामानबदलाने बिघडते ते हे वेळापत्रक.

युरोपचे उदाहरण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. अफ्लाटॉक्सिन हे उष्ण देशांचे दुखणे, आपल्याकडे फार तर ते आयात पेंडीतून येईल, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपभर उष्णतेची भीषण लाट आली आणि उत्तर इटलीच्या पो नदीच्या खोऱ्यातील मक्यातच अफ्लाटॉक्सिन सापडले. तो मका गाईंनी खाल्ला, आणि विषाचा एक अंश रूप पालटून दुधात उतरला. २०१२ साली सर्बियात कडक अवर्षण पडले, तेव्हाही तेच झाले. १९१३ मध्ये नव्हे, २०१३ मध्ये, विज्ञानाने सज्ज अशा युरोपात दुधावरून गदारोळ उडाला. तेव्हा तिथल्या सरकारने काय केले? एका किलो दुधात ०.०५ मायक्रोग्रॅम ही जी मर्यादा होती ती दहापट वाढवून ०.५ केली. दुधातले विष त्यामुळे कमी झाले नाही, कायद्याच्या दृष्टीने ते दिसेनासे झाले, इतकेच. त्या सरकारला हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की आपल्या देशातील दुधाची मर्यादा मुळातच ०.५ आहे. पुढे २०१६ साली युरोपातील संशोधकांनी गणिती प्रतिमानांच्या आधारे असा निष्कर्ष काढला, की तापमान दोन अंशांनी वाढले तर दक्षिण व पूर्व युरोपातील मक्याला अफ्लाटॉक्सिनाचा धोका ठळकपणे वाढेल. हे दोन अंश फार दूर राहिलेले नाहीत. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीहून सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण होते. एका वर्षाच्या आकड्यावरून कायमचा निष्कर्ष काढू नये हे खरे, पण वाटचाल कोणीकडे आहे ते त्यावरून कळते.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या भागात अफ्लाटॉक्सिनाइतकाच जवळचा प्रश्न काळ्या पडणाऱ्या ज्वारीचा आहे, आणि तो समजून घेतला की ऋतुमान आणि विष ह्यांचा संबंध हातच्या काकणासारखा स्पष्ट होतो. पूर्वीची खरिपाची देशी ज्वारी उंच वाढे आणि उशिरा पके. तिला फुलोरा कधी यावा हे पावसावर नव्हे, दिवसाच्या लांबीवर ठरे. भाद्रपद-आश्विनात दिवस लहान होऊ लागले की ती फुलावर येई आणि दाणा पक्व होईतो पाऊस मागे सरलेला असे. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी निवडून ठेवलेल्या बियाण्यात पावसाचे पंचांगच जणू लिहिलेले होते. १९६४ साली पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. उत्पन्न पुष्कळ वाढले, आणि त्या दिवसांत देशाला त्याची नितांत गरज होती, हे मान्यच केले पाहिजे. परंतु हे वाण लवकर पके. म्हणजे दाणा भरत असतानाच सप्टेंबरचा पाऊस कणसावर पडू लागला. दाणे काळे-गुलाबी पडू लागले, बाजारात भाव पडला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द घरोघर नापसंतीने उच्चारला जाऊ लागला. उलट सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड करून तयार झालेली रब्बीची मालदांडी आजही मोत्यासारखी दिसते. ती थंडीत कोरड्या हवेत पकते, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

ह्यात पुढचा पेच असा. दिवसाची लांबी सूर्यावर अवलंबून असते. तिच्यात बदल होत नाही. पाऊस मात्र आपल्या तारखा बदलू लागला आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. वायव्य टोकाकडून पाऊस परतू लागण्याची जुनी तारीख १ सप्टेंबर होती, ती आता १७ सप्टेंबर करण्यात आली. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. म्हणजे ज्या पंधरवड्यात पक्व कणसाला कोरडी हवा हवी, त्याच पंधरवड्यात ढग रेंगाळण्याचा संभव वाढला. बियाण्यातले जुने पंचांग आणि आकाशातले नवे पंचांग ह्यांचा मेळ सुटू लागला आहे. काळी पडलेली प्रत्येक ज्वारी विषारी असते असे नव्हे. काळेपणा देणाऱ्या काही बुरशी निरुपद्रवी असतात, तर विष करणारी फ्युजेरियम दाण्याला फिका गुलाबी रंग देऊन किंवा काहीच रंग न देता आत असू शकते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात सापडलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर व जुलाब असा त्रास झाला. धान्यात फ्युमोनिसिन हे फ्युजेरियमचे विष निघाले. त्यापूर्वी १९८७ साली काश्मीर खोऱ्यात पावसाने खराब झालेल्या गव्हाच्या पावाने हजारो लोकांना असाच उपद्रव झाला होता. ते धान्य खाणे थांबताच हे आजार ओसरले. परंतु थांबवणे हे ज्याच्या घरात दुसरे धान्य आहे त्यालाच शक्य असते.

ह्यावर कोणी विचारील की मग उपाय काय? उपाय आहेत, आणि त्यांतील बरेचसे जुने आहेत. बुरशीला ओल लागते. दाण्यातली ओल शेकडा बारापर्यंत खाली आणली की साठवणीतली बुरशी जवळजवळ थांबते. दाताखाली दाणा कटकन मोडला तरच पेवात टाकावा, ही आपल्या वाडवडिलांची कसोटी निराधार नव्हती. मातीच्या खळ्यावर न पसरता ताडपत्रीवर पसरणे, फुटके आणि किडके दाणे सुपातून वेगळे करणे, ही कामे क्षुल्लक दिसतात. परंतु विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. ते थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून निवडण्याने त्याचे प्रमाण बरेच खाली येते. सूप आणि चाळणी हाती घेऊन बसणारी गृहिणी तपासनिसाचे काम करीत असते, हे आपण ध्यानात घेत नाही. बाजरीच्या बियाण्यातले अरगट काढण्यासाठी तर शेकडा वीस मिठाच्या पाण्यात बी बुडवावे. हलके अरगट वर तरंगते, ते काढून टाकावे आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन पेरावे.

शेतातही पुष्कळ करता येते. दाणा भरताना एक पाणी देता आले तर मक्यातील अफ्लाटॉक्सिनाला आळा बसतो. खोडकिडा आवरला तर कणसाला भोके पडत नाहीत. आफ्रिकेत एक नामी युक्ती वापरली जात आहे. ॲस्परजिलसच्या काही जाती मुळातच विष करीत नाहीत. त्या दाण्यांवर वाढवून पीक फुलावर येण्यापूर्वी शेतात टाकतात. त्या जागा अडवतात, आणि विषारी बहिणीला पाय टेकायला ठाव मिळत नाही. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार.

परंतु सगळा भार शेतकऱ्यावर आणि गृहिणीवर टाकून आपण नागरिक मोकळे होऊ शकत नाही. पावसात सापडलेले धान्य नाहीसे होत नसते. चांगले निवडून शहरात येते, उरलेले कमी भावाने विकले जाते. जे विकत नाही ते शेतमजुराच्या घरी मजुरीच्या मापात जाते, आणि तेथूनही उरले तर गाईम्हशींच्या दावणीत व कोंबड्यांच्या खुराड्यात. दावणीत गेलेले अफ्लाटॉक्सिन दुधाच्या रूपाने शहराच्या दारात परत येते, हे इटलीने आणि सर्बियाने आपणांस दाखविले आहे. दुसऱ्याच्या ताटात लोटलेले संकट आपल्या मुलाच्या पेल्यात येते, तेव्हा ते दुसऱ्याचे राहत नाही.

२०२३ च्या वसंतात उत्तर भारतात अवेळी पाऊस होऊन गव्हाची चकाकी गेली, तेव्हा सरकारने खरेदीचे निकष सैल केले आणि तो गहू घेतला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच होते, आणि चकाकी गेली म्हणजे विष आले असेही नव्हे. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या वर्षी काढणी पावसात सापडते त्या वर्षी डोळ्यांना दिसणाऱ्या चकाकीबरोबरच न दिसणाऱ्या विषाचीही तपासणी बाजार-समित्यांच्या आवारात आणि सरकारी गोदामांच्या दारात व्हावी. अर्ध्या तासाच्या आत उत्तर देणारी चाचणी आज उपलब्ध आहे. आणि तपासणीत जे धान्य नापास ठरेल त्याची भरपाई शेतकऱ्याला मिळाली पाहिजे. तशी ती मिळणार नसेल, तर ते धान्य मागच्या दाराने कोणाच्या तरी ताटात जाईलच. उपाशी माणसाला नियम दाखवून अन्न काढून घेता येत नाही. त्याला दुसरे अन्न द्यावे लागते. पंचमहाल आणि बांसवाड्याच्या त्या १०६ माणसांना मक्याची परीक्षा करणारा कोणी भेटला असता, तरी एवढ्याने ती वाचली नसती. त्याच्यामागून चांगल्या धान्याची गाडी यायला हवी होती.

बुरशी ही माणसाहून पुरातन आहे आणि ती नाहीशी होणार नाही. तिच्या आणि आपल्या मध्ये आजवर दोन कुंपणे होती: एक ऋतूंच्या नियमितपणाचे, दुसरे घराघरांतील काळजीचे. पहिले कुंपण आपल्याच कर्तृत्वाने मोडकळीस आले आहे आणि ते पुन्हा उभे करण्याचे काम साऱ्या जगाचे आहे. तोवर दुसरे कुंपण भक्कम करणे, आणि ज्यांच्या घराला ते परवडत नाही त्यांच्यासाठी ते सार्वजनिक खर्चाने उभे करणे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.